खिडकीखालचा थांबा

७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि प्रभूच्या नावात सलाम.

तू पाठवलेलं भिंतीवरचं घड्याळ परवा सुखरूप पोचलं. दिसायला देखणं आहे, वेळही बरोबर दाखवतं, पण टिकटिक म्हणून नाही. वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोस आणि सख्ख्या बहिणीला मुकं घड्याळ पाठवतोस, याला काय म्हणायचं ते तुझ्या बायकोला विचार. एकटीच्या घरात तेवढीच सोबत होईल असं वाटलं होतं. असो, भिंत भरली. फोन मात्र करू नकोस. आमच्याकडची लाईन दिवसेंदिवस बिघडत चालली आहे आणि तुम्ही सगळे फोनवर तोंडात बोळा कोंबून बोलता. पत्र बरं.

इथे आमच्या मंदिरात नवे पाळक येऊन पाच महिने झाले. माणूस वाईट नाही, पण कणीस खावं तसा माईक तोंडाला लावून उपदेश करतात. अर्धा चेहरा त्यामागे गडप होतो आणि माझ्या हाती एक वाक्य धड लागत नाही. उपासना आता मोबाईलवरही दाखवतात, त्यामुळे माणसं घरी पाय पसरून चहा पीत उपासना करतात. काल बाकांवर आम्ही अडतीस होतो, त्यातले चार झोपलेले. हे माईकचं आणि कॅमेऱ्याचं खातं पाळकांच्या धाकट्या बहिणीकडे आहे. मी तिला माईकवाली म्हणते. कायम गळ्यात तारांचं भेंडोळं घेऊन फिरते आणि माझ्याकडे टक लावून बघते.

आता खरं सांगायचं ते सांगते. दाराजवळची चिठ्ठ्यांची पेटी तुला आठवत असेल. ज्याला जे मागायचं ते त्यानं कागदावर लिहायचं आणि नाव न घालता पेटीत टाकायचं. गिरणी सुटल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, त्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. दर गुरुवारी दुपारी मी ती उघडते, मागच्या खोलीत गुडघे टेकते, एकेक चिठ्ठी प्रभूपुढे ठेवते आणि मग डब्यात जाळते. नाव नसलं तरी अक्षरावरून मला माणूस कळतो. प्रार्थनेत मी नाव घेते, प्रभूपाशी कसला आडपडदा. पण खोलीबाहेर आजवर एक शब्द गेला नव्हता. तो आता जायला लागला आहे.

बेकरीवाली, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, बाकावर माझ्या उजव्या हाताला बसणारी, तिची मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी आली. हे तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं, फक्त चिठ्ठीत लिहिलं होतं. गुरुवारी मी प्रार्थना केली आणि शनिवारी केस कापणाऱ्या बाईनं भर दुकानात तिला विचारलं, की जावई हात उचलायचा का. पुढच्या गुरुवारी गायनवृंदाच्या मास्तरांची चिठ्ठी निघाली. त्यांच्या घशात गाठ झाली आहे, पोरांनाही माहीत नाही. तीन दिवसांत औषधवाला त्यांना दुकानाच्या पायरीवर गाठून पथ्य सांगत होता.

चिठ्ठी वाचते मी, जाळते मी, आणि कोणापाशी चकार शब्द काढत नाही. गुरुवारी पलीकडच्या सभागृहात दुसरं माणूस एकच असतं, ती माईकवाली. पण मी तर ओठातल्या ओठात पुटपुटते, ते तिला जाणं शक्य नाही. तेव्हा तिनं खोलीत कुठेतरी माईक लपवला असणार. आणि गंमत बघ, हे दोन्ही गुरुवार ती तापानं घरी होती. नेमकी गोष्ट फुटायच्या वेळी आपण तिथे नसायचं, ही हुशारी मला चांगली कळते. घरी पडून कानाला यंत्र लावून ऐकत असेल.

बाकी ठीक. रस्ता रुंद केल्यापासून इथलं काही तुला ओळखू येणार नाही. बसचा थांबासुद्धा गेल्या महिन्यात उचलून मंदिराच्या मागच्या अंगाला, आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीखाली आणून ठेवला आहे. गुडघे दुखतात, पण टेकायला उपयोगी पडतात.

भाऊ म्हणून जो जीव लावतोस तो असाच लाव, आणि पुढच्या वेळी बोलणारं घड्याळ पाठव.

तुझी,
ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र पोचलं. आधी घड्याळाचं बोलतो, कारण माझ्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. ते घड्याळ आठ दिवस माझ्या दुकानात टांगलेलं होतं. जिन्याखालचं एवढंसं दुकान, त्यात त्याची टिकटिक अशी घुमायची की तुझी भावजय म्हणाली, याला ताबडतोब ताईंकडे रवाना करा, नाहीतर मी माहेरी जाते. रस्त्यात काही मोडलं असतं तर ते बंद पडलं असतं. काटे बरोबर फिरतात आणि आवाज नाही, असं चावीचं घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही. एकदा अगदी जवळ जाऊन ऐक आणि कळव.

चिठ्ठ्यांचं वाचून वाईट वाटलं. तुला राग येईल, तरी विचारतो. बोलता बोलता तुझ्याच तोंडून कुठे काही निसटलं नसेल ना? मुद्दाम नव्हे, बाजारात, बेकरीत, एखाद्या बाईनं खोदून विचारलं तेव्हा? त्या मुलीकडे बोट दाखवण्याआधी एवढं आठवून बघ.

माझं म्हणशील तर मी दोन वर्षांत आमच्या मंडळीत, म्हणजे मंदिरात, पाऊल टाकलेलं नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मंडळीचा कारभार बघणारे पंच कोणी व्हायचं यावरून इथे दोन तट पडले. मग कोणी कोणाशी हात मिळवला, कोण कोणाच्या बाकावर बसला, याच्यावर पहारे सुरू झाले. मी एकदा चुकून दुसऱ्या तटाच्या माणसाला छत्रीत घेतलं, तर मला समोर बसवून जाब विचारला. तेव्हापासून रविवारी दुकान अर्धं उघडून डोळ्याला भिंग लावून बसतो आणि मोबाईलवर कुठली तरी उपासना लावून ठेवतो. तू ज्यांना पाय पसरून चहा पिणारे म्हणतेस, त्यातला मी एक. रागावू नकोस. मला गाणी अजून आवडतात, माणसांची धास्ती बसली आहे.

तुझे आशीर्वाद मला लागतात, ते बंद करू नकोस, प्रश्न विचारला तरी.

तुझा,
धाकटा


२१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., अर्थात राग गिळून.

माझ्या तोंडून निसटलं असेल का, हे तू मला विचारलंस. गिरणीत मागांच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई आहे मी. दोनशे माग एकदम खडखडायचे आणि आम्ही बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायचो. कोणाचं पोट पडलं, कोणाचा नवरा पळाला, सगळं माझ्या डोळ्यांना कळायचं, आणि एक अक्षर मी कधी घरी नेलं नाही. तुला तरी कधी सांगितलं का? घड्याळाशी कान लावून बसायला मला वेळ नाही. मुकं ते मुकं.

तू दोन वर्षं मंदिरात गेला नाहीस हे वाचून मात्र जीव कळवळला. छत्रीसाठी जाब विचारणाऱ्यांना मी ओळखत असते तर चांगलं ऐकवलं असतं. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहीन, आधी इथली आग विझू दे.

माईकवालीचे पुरावे वाढले आहेत, एकेक ऐक. ती बरी होऊन परत आल्यापासून दोन गुरुवार मी नीट लक्ष ठेवलं. मी खोलीत गेले, की ही मागोमाग येऊन खिडकी बंद करते. बाहेरच्या कोणी आतलं बघू नये हाच हेतू. मी लगेच उघडते, त्या खोलीत जीव गुदमरतो. मी गुडघे टेकले रे टेकले, की ही सभागृहात जाऊन की-बोर्ड बडवायला लागते. जमीन थरथरते, माझ्या गुडघ्यांना कळतं. मी आमेन म्हणून उठले की हिचं वाजवणं बंद. दोन्ही गुरुवारी, न चुकता. तारा हलवल्याचा आवाज दबावा म्हणून असणार, दुसरं काय? दोनदा माझ्याजवळ येऊन खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. मी तिला सांगितलं की बोलायचं तर स्पष्ट बोल, नाहीतर वाट धर. डोळे पुसत गेली. मन खात असल्याशिवाय कोणी रडत नाही.

पेटीत आता चिठ्ठ्याच पडत नाहीत. गेल्या गुरुवारी एकच निघाली, अक्षर बेकरीवालीचं. ज्यानं माझ्या घरची गोष्ट बाहेर फोडली त्याला मला क्षमा करता यावी म्हणून प्रार्थना करा, अजून जमत नाही, असं लिहिलं होतं. वाचून माझ्या काळजाला घरं पडली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच एक चिठ्ठी मी जाळली नाही. पुरावा म्हणून पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवली आहे. काल तिची जागा रिकामी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठं सभागृह झालं आहे, दिवे, पडदे आणि हजार माणसं असलेलं. तिथे जाते म्हणे. तिथे तिला कोणी ओळखत नाही म्हणून बरं वाटत असेल. माझ्या उजव्या हाताला आता माझी पर्स बसते.

४ ऑक्टोबरला उपासनेनंतर मंडळीची सभा आहे. मी उभी राहून साक्ष देणार आहे, पंचकमिटीला तसं सांगितलं आहे. त्यांनी आत्ताच त्या पोरीला सभेपर्यंत मंदिरात यायची बंदी केली. पाळक म्हणाले की बहिणीला हाकललंत तर मीही जातो. ते गेले तर आमच्या मूठभर मंडळीला दुसरा पाळक कोणी देणार नाही आणि दाराला कुलूप लागेल. मला हे कळत नाही असं नाही. पण घरात चोर ठेवून दार उघडं ठेवण्यात काय अर्थ आहे? माझ्याकडेही लोक वळून बघतात. ते मला सहन होत नाही.

माया कमी करू नकोस, शंकाही काढू नकोस.

तुझी,
ताई


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. बसून वाच.

तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवली आणि बिघडलेलं घड्याळ उघडतो तशी उघडली. गोष्टी फुटल्या त्या दोन गुरुवारी ती मुलगी तिथे नव्हती. ती परत आली, खिडकी लावायला लागली, की-बोर्ड वाजवायला लागली, आणि त्यानंतर एकही गोष्ट फुटल्याचं तू लिहिलेलं नाहीस. ती असते तेव्हा आतलं बाहेर जात नाही, नसते तेव्हा जातं. आणि खिडकीखाली काय आहे ते तूच लिहिलं आहेस. बसचा थांबा.

ताई, तू ओठातल्या ओठात पुटपुटत नाहीस. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे होतीस तेव्हा तू सकाळी खोलीत प्रार्थना करायचीस आणि तुझी भावजय स्वयंपाकघरात आमेन म्हणायची. आम्ही हसायचो. तिच्या गुडघ्यांसाठी, माझ्या दुकानासाठी, सगळं आम्हाला ऐकू यायचं. तुला हाक मारली तर तू वळायची नाहीस, पण समोर येऊन बोललं की सगळं कळायचं. मला वाटलं, वय झालं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि भ्यालो. तुझी नाराजी मला लहानपणापासून झेपत नाही. यातला अर्धा दोष माझा आहे.

एकतीस वर्षं त्या मागांनी तुझे कान खाल्ले. फोनची लाईन चांगली आहे. पाळक नीट बोलतात, त्यांचे ओठ माईकमागे जातात एवढंच. ते घड्याळही बोलतं आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर नको ठेवू, त्याच्यावर हाताचा तळवा ठेव.

चार तारखेला सभेत तू उभी राहिलीस तर ती मुलगी जाईल, आणि तिनं काहीही केलेलं नाही. म्हणून घाई केली.

रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझा,
धाकटा


२९ सप्टेंबर

धाकट्यास,

तुझं पत्र मिळालं. बहीण बहिरी आहे आणि चाळीस वर्षांच्या मैत्रिणीचं घर तिनंच रस्त्यावर मांडलं, असं तुझं म्हणणं आहे. आई असती तर तुला कोपऱ्यात उभं केलं असतं. मंदिरात न जाणाऱ्यानं मंदिरातल्या बाईला शिकवू नये. घड्याळाला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

ताई


६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि मागचं पत्र फाडून टाक.

गुरुवारी नेहमीप्रमाणे गेले. माईकवालीला बंदी, त्यामुळे सभागृह रिकामं. पेटीही रिकामी. मी खिडकी उघडली, गुडघे टेकले आणि म्हणाले, की हे प्रभू, माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि म्हणतो मी बहिरी झाले आहे. तो खोटं बोलत असेल तर त्याला अद्दल घडव. खरं बोलत असेल तर मला कळू दे, पण चारचौघांत नको. शपथेवर सांगते, मी कुजबुजले होते.

बाहेर येऊन वळसा घालून थांब्यावर गेले. बाकावर पाचसहा माणसं बसलेली, एकही ओळखीचं नाही. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घातली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उठली, मला जागा दिली, समोर वाकली आणि अगदी सावकाश, मला ओठ दिसतील असं म्हणाली, की मी भावावर रागावू नये, त्याला काळजी आहे म्हणून तो बोलला असेल. शेजारचा म्हातारा मान डोलवत होता.

तीन बस आल्या आणि गेल्या. मला उठवेना. लाजेनं नव्हे नुसत्या, भीतीनंही. एकोणीस वर्षांत थांबा तिथे नव्हता म्हणून निभावलं, नाहीतर मी काय काय बाहेर सांगितलं असतं. घरी येऊन घड्याळावर तळवा ठेवला. हाताखाली नाडी उडावी तसं ते उडत होतं. बराच वेळ हात तसाच ठेवला.

रविवारी उभी राहिले. पंचांना वाटलं साक्ष देणार, आणि दिलीच. चोर मी आहे असं म्हणाले. कसं घडलं ते सगळं सांगितलं, मास्तरांची माफी मागितली. किती मोठ्यानं बोलले कोण जाणे, पुढच्या बाकावरची माणसं मागे रेलली. ती पोर भावाशेजारी मागे बसली होती. तिला मी सर्वांसमोर विचारलं की तू मला सांगितलं का नाहीस. ती पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माईकशिवाय बोलली. दोनदा सांगायला गेली, मी हाकललं. मग तिनं ठरवलं की न सांगताच झाकायचं. इथे आल्या महिन्यातच तिनं पेटीत एक चिठ्ठी टाकली होती, आणि तिच्यासाठी केलेली माझी प्रार्थना सभागृहात बसून शब्दन्‌शब्द ऐकली होती. आपल्यासाठी कोणी इतकं कळवळून मागतं हे तिला माहीतच नव्हतं. मला समजलं तर मी ओशाळून प्रार्थना बंद करीन असं तिला वाटलं. म्हणून की-बोर्ड.

त्या चिठ्ठीत काय होतं ते मला आठवतं. तुला सांगणार नाही.

पाळक राहतील, तीही राहील. पेटीची किल्ली मी टेबलावर ठेवली. पंचांनी अजून कोणाला दिलेली नाही, ती तिथेच पडली आहे. मास्तर बोलत नाहीत. घशामुळे की माझ्यामुळे, विचारायचं धाडस झालं नाही. कानाच्या डॉक्टरांकडे माईकवाली मला गुरुवारी घेऊन जाणार आहे, आता तो वार मोकळाच आहे.

काल बेकरीवालीकडे गेले. दुकानात नव्हे, मागच्या दारानं, चाळीस वर्षं जाते तशी. तिची चिठ्ठी हातात होती. पुरावा म्हणून ठेवलेली, आणि पुरावा माझ्याच विरुद्ध निघाला. तिनं दार उघडलं, मनगटापर्यंत पीठ. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हटलं की ज्याच्यासाठी तू हे लिहिलंस ती मी. पुढचंही सगळं सांगितलं. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं आणि मग तोंड फिरवून काहीतरी बोलली.

इतकी वर्षं अशा वेळी मी हसून मान डोलवत आले, हे मला परवाच कळलं. या वेळी नाही डोलवली. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं, तेही कळलं नाही. मग तिनं पिठाच्या हातांनी माझा चेहरा धरून आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, अजून जमत नाही.

मी बरं म्हटलं आणि निघाले. फाटकाशी जाऊन मागे पाहिलं, तर ती अजून दारातच उभी होती. दार तिनं लावलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत ये. आपण दोघं तिसऱ्या बाकावर बसू, उजव्या हाताची जागा मात्र तुझी नाही. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आणि जे बोलशील ते समोर येऊन बोल.

तुझी,
ताई